फोन मशीनजवळ धरा

माझी नोकरी ऐकण्याची आहे. माणसांचं नव्हे, माणसांचं ऐकून घ्यायला कोण पगार देतो? मी कपडे धुण्याच्या मशीनचं ऐकते. आमच्या कंपनीचं मशीन बिघडलं की गिऱ्हाईक तक्रार विभागाला फोन करतं आणि पाल्हाळ लावतं. मी मध्येच म्हणते, "ते सगळं राहू द्या. फोन मशीनजवळ धरा." मग डोळे मिटते आणि ऐकते.

पाणी उपसताना कटकट आली, तर पंपात नाणं किंवा बटण. फिरताना पाटीवर नख ओढल्यासारखा आवाज आला, तर बायकांच्या आतल्या कपड्यातली तार ड्रमच्या फटीत गेलेली. अशा वेळी फोनवर पुरुष असेल तर मी म्हणते, "घरातल्या बाईंना फोन द्या," आणि पुढचं आम्ही दोघी बघून घेतो. एकदा पंपातून चक्क कवळी निघाली होती. ते आजोबा तीन दिवस साऱ्या घरावर चोरीचा आळ घेऊन बसले होते.

ऑफिसात मला कानसेन म्हणतात. हा कान मला मिस्त्रींनी दिला. मिस्त्री म्हणजे आमच्या कंपनीचे सगळ्यात जुने मेकॅनिक. दोन वर्षांपूर्वी हृदयाचं ऑपरेशन झालं, तेव्हापासून ते आमच्याच विभागाच्या सुट्या भागांच्या गोदामात खुर्ची टाकून बसायचे. मी नवी होते तेव्हा त्यांनी मला एकेक मशीन मुद्दाम बिघडवून ऐकवलं. तेव्हापासून तीस वर्षं आमचा एकच वाद चालू आहे, की कोणाचा कान जास्त तिखट. त्यांच्या मते त्यांचा. माणूस देवमाणूस आहे, पण चूक कबूल करणं त्यांच्या रक्तात नाही.

साथ आली आणि आम्हा सगळ्यांना, मिस्त्रींनाही, लॅपटॉप देऊन घरी पाठवलं. खरं सांगू? मला काम इतकं छान कधी जमलंच नव्हतं. ऑफिसात आम्ही चौदाजण एका खोलीत बसायचो. रस्त्याचा आवाज आत येऊ नये म्हणून त्या खोलीच्या खिडक्या कायमच्या पक्क्या केलेल्या, वर एक गार हवेचं यंत्र, आणि चौदा तोंडं एकाच वेळी "फोन मशीनजवळ धरा" म्हणतायत. घरी मी कपाट आणि भिंत यांच्यामधल्या सांदीत टेबल लावलं. माझ्या नणंदेनं कपाटाच्या दाराला हुक शिवून त्यावर जाड रजई टांगली. ती शिवणकामाची शिक्षिका होती, निवृत्त झाली तरी सुई निवृत्त झाली नाही. रजईच्या आत मुंगी शिंकली तरी ऐकू येईल. पूर्वी दहा तक्रारींपैकी सहा ठिकाणी मेकॅनिक पाठवावा लागायचा, आता तीनच ठिकाणी. बाकीचं मी फोनवरच मिटवते.

आता नणंदेबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर ती स्वतः येऊन सांगेल. नवरा गेल्यावर ही त्याची थोरली बहीण माझ्याकडे राहायला आली. लोकांना वाटतं मी तिला आसरा दिला, तिला वाटतं तिनं मला. खरी गोष्ट अशी, की दोघींनाही भांडायला दुसरं कोणी उरलेलं नाही.

आणि माझ्या छातीबद्दलही. एकोणिसाव्या वर्षी माझं उजवं फुप्फुस निम्मं कापून काढलं. उरलेल्या दिडावर मी लग्न केलं, संसार केला, जिने चढले, भांडले आणि पंचावन्न वर्षांची झाले. साथ सुरू झाली त्या आठवड्यात डॉक्टरीणबाईंनी मला समोर बसवून सांगितलं, "हा आजार तुम्हाला झाला, तर माझ्या हातात फारसं काही राहणार नाही. होऊ न देणं एवढंच औषध." नणंदेनं ते वाक्य कागदावर लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलं, कडीच्या अगदी वर. दार उघडायला हात गेला की आधी ते वाचावं लागतं.

तर बुधवारी पत्र आलं. येत्या सोमवारपासून तक्रार विभागातील सर्वांनी कार्यालयात हजर राहावे. जे हजर राहणार नाहीत त्यांना नोकरीची गरज नाही असे समजण्यात येईल. खाली सही हजेरीसाहेबांची.

हे आमच्या विभागाचे प्रमुख. खरं नाव वेगळं आहे, पण ते कोणी वापरत नाही. माणसानं काम केलं की नाही यापेक्षा तो वेळेवर येऊन बसला की नाही, याची त्यांना फार काळजी. रोज सकाळी दहाला व्हिडिओवर सभा घेतात आणि हजेरीपुस्तक समोर ठेवून एकेकाचं नाव पुकारतात. त्यांच्या मागे भिंतीवर कंपनीचं भलंमोठं कॅलेंडर, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. त्या दिवशी म्हणाले, "मी रोज ऑफिसात येतोय. एकटा बसतोय. मला काही झालं का? मग तुम्हाला काय धाड भरलीय?"

सभा संपताच माझा फोन वाजू लागला. पहिली धाकटी. विभागातली सगळ्यात लहान, माझ्या शेजारच्या टेबलावर बसायची, आता सातव्या महिन्यात आहे. ती रडत नव्हती, पण रडून झालेलं कळत होतं.

"मावशी, त्या खोलीत खिडकी तरी आहे का हो?"

"भिंतीत आहे. उघडत नाही."

"मग मी काय करू?"

"तू आधी जेव," मी म्हणाले, कारण दुसरं काही सुचेना.

मग मिस्त्री. ते तर पत्र हातात पडताच तयारच झाले होते. "जाऊ आपण, बाई. डॉक्टर काय, सगळ्यालाच नाही म्हणतात. माझ्या डॉक्टरचं ऐकलं असतं तर मी जिनासुद्धा चढलो नसतो."

"तुम्ही चढलात म्हणूनच ऑपरेशन झालं!"

"ते धक्के झेलणारे शॉकअप जुने झाले होते," मिस्त्री म्हणाले. छातीवर हात ठेवून म्हणाले असणार, मी ओळखते त्यांना.

गुरुवारी मी अर्ज केला. डॉक्टरीणबाईंचं प्रमाणपत्र जोडलं, फुप्फुसाचा जुना फोटो जोडला, धाकटीचं आणि मिस्त्रींचंही कारण लिहिलं. लिहिलं की काम घरून जास्त चांगलं होतंय, आकडे कंपनीचेच आहेत, बघून घ्या. शुक्रवारी साहेबांचा फोन आला.

"बाई, प्रमाणपत्रं सगळ्यांकडे असतात."

"फुप्फुसं सगळ्यांकडे दोन असतात, साहेब. माझ्याकडे दीड आहे."

"मी एकाला सूट दिली की चौदाजण कारणं घेऊन उभे राहतील. घरात आजारी माणूस असणं हे काही कारण होत नाही. सोमवारी या. नाहीतर मग..." पुढचं ते बोलले नाहीत. पत्रात होतंच ते.

मला राग आला तो 'नाही' म्हटल्याचा नव्हे. आमच्या तक्रारीच्या नोंदपत्रकात साथ आल्यापासून एक नवी चौकट आहे: घरी मेकॅनिक पाठवू नये काय? असल्यास कारण. कोणीही गिऱ्हाइकानं सांगावं, आमच्याकडे म्हातारं माणूस आहे, बाळंतीण आहे, दमा आहे, की आम्ही मुकाट लिहून घेतो आणि मेकॅनिक पाठवत नाही. वर सूचना छापलेली: ग्राहकाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, पुरावा मागू नये. तिच्याखाली सही कोणाची? हजेरीसाहेबांची. म्हणजे मशीन विकत घेतलं तर माझा शब्द खरा, आणि तेच मशीन तीस वर्षं ऐकलं तर प्रमाणपत्रसुद्धा खोटं!

तरीही शुक्रवारी मी कपाटावरून ऑफिसची पिशवी काढली. झटकली. डबा धुतला. निवृत्तीला तीन वर्षं उरलीत, आणि ऐकण्याखेरीज मला दुसरं काही येत नाही. पंचावन्नाव्या वर्षी कोणाच्या दारात जाऊन सांगू, की मला आवाज ओळखता येतात?

नणंद शिवणयंत्रावरून बघत होती. काहीच बोलली नाही, तेव्हाच मी ओळखायला हवं होतं. मग दाराशी गेले तर माझ्या ऑफिसच्या चपलांपैकी डावी गायब.

"ताई, चप्पल कुठाय?"

"मला काय माहीत? चालत गेली असेल."

"तुम्ही लहान आहात का आता?"

"मी थोरली आहे, म्हणूनच लपवली." पाय थांबवून तिनं यंत्र बंद केलं. "ऐक. माझा धाकटा भाऊ गेला तेव्हा मी दुसऱ्या गावी होते. मला काही करता आलं नाही. आता मी याच खोलीत आहे, धडधाकट आहे, आणि तू माझ्या डोळ्यांदेखत पिशवी भरतेस. मी तुला जाऊ देणार नाही, बाई. मला तुझ्याशिवाय कोण आहे?"

अशी ती एरवी बोलत नाही. मी तिथेच उंबऱ्यावर बसले. दोघी थोडा वेळ रडलो, मग तिनं नाक पुसलं आणि मला म्हणाली, की रडताना माझ्या छातीतून घरघर येते, तेव्हा पुरे कर. चप्पल मात्र दिली नाही.

शनिवारी दहाला सभा. मी रजईच्या आत, हेडफोन कानाला, माझा कॅमेरा बंद. साहेब कॅलेंडरसमोर, इस्त्रीच्या शर्टात. म्हणाले, "आज प्रत्येकानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. सोमवारी येणार, की नाही. हो किंवा नाही. भाषण नको."

पहिले चार हो म्हणाले. धाकटीचं नाव आलं. ती गप्प.

"हो की नाही?"

आणि त्या शांततेत मला ते ऐकू आलं.

साहेबांच्या आवाजामागे, दूर, भिंतीपलीकडे. आधी घुमघुम. मग वेग वाढला. मग धप्प. धप्प. धप्पधप्प. माझे डोळे आपोआप मिटले. तीस वर्षांची सवय. समोर हजेरीसाहेब आहेत, नोकरीचा प्रश्न आहे, सारं विसरले आणि तोंडातून निघून गेलं, "मशीन लगेच बंद करा. घेऊन किती दिवस झाले?"

सगळ्या चौकटींतली तोंडं थिजली.

"कोण बोललं ते?" साहेब म्हणाले. "कसलं मशीन? मी ऑफिसात आहे."

ऑफिसात आमची मशीनं आहेत, पण ती नुसती मांडलेली. त्यांना नळ जोडलेला नाही. हा आवाज ओल्या कपड्यांचा होता, पाण्यानं जड झालेल्या चादरींचा. हे मला कळलं, आणि कळलं तेव्हाच लक्षात आलं, की मी काय बोलून बसले. आता गप्प बसावं, असं ठरवतेय तोच मिस्त्रींच्या चौकटीतून आवाज आला.

"शॉकअप गेलाय, बाई."

"शॉकअप नाही. शॉकअप गेला तर आधी एका बाजूला झोक येतो. हे चारी बाजूंनी आपटतंय."

"अहो, तीस वर्षं झाली मला..."

"मिस्त्री, नीट ऐका. आतलं टब हलतच नाहीये. आख्खं मशीन हलतंय. बोल्ट काढलेले नाहीत!"

"कोणाचं मशीन?" कोणीतरी विचारलं.

"थांबा हो," मिस्त्री म्हणाले, "ऐकू द्या. साहेब, जरा आवाज न करता बसता का?"

साहेबांनी माइक बंद करायला हात पुढे केला, पण त्यांचा हात पोचायच्या आत मशीन भिंतीला पोचलं होतं. धाडकन आवाज झाला, कॅलेंडर खिळ्यासकट खाली आलं, आणि त्याच्यामागे दिसली एक फळी. फळीवर औषधाच्या बाटल्या, कापसाची गुंडाळी आणि मोठ्या माणसाच्या लंगोटांचं पुडकं. आतून एका म्हातारीचा बारीक आवाज आला, "अरे, पाणी बाहेर येतंय रे! पलंगाखाली आलं!"

साहेब उठले. तेव्हा सगळ्यांनी बघितलं, की कडक इस्त्रीच्या शर्टाखाली निळ्या चौकटीचा घरचा पायजमा आहे. मग पडदा काळा झाला.

कोणी हसलं नाही. म्हणजे लगेच नाही. आधी धाकटी फिस्सकन हसली आणि मग सगळेच हसले, मिस्त्री तर इतके, की मला त्यांच्या छातीची भीती वाटली. दुसऱ्या सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, असं म्हणतात. हे पाषाण तर कोरडेही राहिले नव्हते. मी मात्र हसले नाही, खोटं कशाला सांगू, मला राग आला होता. रोज ऑफिसात येतो म्हणे! मला काही झालं का म्हणे! दीड फुप्फुसातला सगळा वारा मी त्या रागात घालवला.

अर्ध्या तासानं फोन वाजला. तक्रार विभागाच्या क्रमांकावर, गिऱ्हाइकांच्या रांगेतून, माझ्याच वाट्याला. लक्षात घ्या, साहेब मला सरळ फोन करू शकत होते. ते रांगेत थांबले होते.

"बाई," ते म्हणाले. "मी बोलतोय."

"बोला."

"मशीन बंद पडत नाही... म्हणजे, लावलं की पुन्हा तसंच करतं. आईला दिवसातून तीनदा चादरी लागतात. धुतलेली एकही उरली नाही, म्हणून तर आज सभेच्या वेळीही लावलं. आणि मेकॅनिकला मी घरात घेऊ शकत नाही."

नणंदेनं तोवर रजई वर केली होती. तिला सगळं ऐकू येत होतं, कारण मी आवाज मोठा ठेवला होता, मुद्दाम. तिच्या हातात काळ्या कापडाचा तुकडा आणि शिवणाचा खडू. तिनं भराभर लिहून माझ्यासमोर धरलं: आधी लिहून घे!

तिचं चुकत नव्हतं. साहेब माझ्या मुठीत होते. "सोमवारचं पत्र मागे घ्या, मग सांगते" एवढं म्हणायचं होतं. ते वाक्य माझ्या जिभेवर आलंसुद्धा. पण त्या फरशीवर पाणी होतं आणि पलंगावर म्हातारी होती. माझ्या हातून मशीन बिघडलेलं ठेवून भांडण करणं होणार नाही. मी नणंदेला हातानं खूण केली: थांबा.

"साहेब, नळ बंद करा. बटण बंद करा. फरशी पुसली का? आधी पुसा, आई पडतील."

"ती उठत नाही."

"मग तुम्ही पडाल. पुसा."

पुसल्याचा आवाज ऐकला. मग विचारलं, "घेतल्यापासून असाच आवाज आहे ना?"

"हो. चार महिने झाले. बाहेरचा माणूस नको म्हणून मीच बसवलं. मला वाटलं, आपल्या मशीनचा आवाज असाच असतो."

पंधरा वर्षं हा माणूस या कंपनीत आहे. मी जीभ चावली.

"मशीन पुढे ओढा. पाठीमागे चार मोठे बोल्ट दिसतील. कारखान्यातून येताना आतलं टब हादरू नये म्हणून ते आवळलेले असतात. प्रवासापुरते. घरी आलं की काढायचे. नाही काढले तर फिरायचं ते फिरत नाही आणि आख्खं मशीन घरभर नाचतं."

"पाना नाही माझ्याकडे."

"आहे. माहितीपुस्तकाच्या पिशवीत."

प्लास्टिक फाडल्याचा आवाज. चार महिने ती पिशवी उघडलीच नव्हती. मग बराच वेळ धापा, घसरण्याचा आवाज, एकदा "आई गं," आणि आतून म्हातारीचं "काय रे?" मी प्रत्येक बोल्टच्या वेळी सांगत होते, डावीकडे फिरवा, जोर लावू नका, आता सैल झाला, आता ओढा. चारही निघाले. भोकांत प्लास्टिकची झाकणं बसवायला लावली, हिसक्यानं निसटलेली पाण्याची नळी परत जोडायला लावली.

"आता नळ सोडा, मशीन लावा. आणि फोन मशीनजवळ धरा."

पाणी भरल्याचा आवाज. मग घुमघुम. मग वेग, आणखी वेग. मी वाट बघत राहिले. धप्प आलं नाही. नुसती एक सुरेख गुणगुण.

आतून म्हातारी म्हणाली, "बंद पडलं का रे?"

"नाही आई," साहेब म्हणाले. "चालू आहे." त्यांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता, आणि मग तो आलाच नाही. मला कळलं की हा माणूस फरशीवर बसून रडतोय. इतका वेळ जपून ठेवलेला माझा राग कुठे गेला कोण जाणे. घाबरलेला माणूस होता तो. आमच्याइतकाच.

पण नियम म्हणजे नियम. तक्रार मिटली की नोंदपत्रक भरायचं, आणि गिऱ्हाइकाच्याच शब्दांत त्याला वाचून दाखवायचं. त्यानं 'बरोबर' म्हटल्याशिवाय कागद पुढे जात नाही. मी नणंदेच्या हातातला खडू बाजूला सारला आणि पेन घेतलं.

"साहेब, नोंद करायचीय. घरी मेकॅनिक पाठवू नये काय?"

"नका पाठवू."

"कारण?"

"बाई, तुम्हाला माहीत आहे."

"मला तुमच्या शब्दांत लिहावं लागतं."

"घरात आजारी माणूस आहे," ते हळू म्हणाले. "आईची छाती अधू आहे. हा आजार घरात आला तर ती वाचणार नाही. म्हणून कोणी आत यायला नको, आणि मी बाहेर जायला नको."

मी लिहिलं. मग वाचून दाखवलं, सावकाश, जसं प्रत्येक गिऱ्हाइकाला दाखवते तसं. "घरात आजारी माणूस आहे. छाती अधू आहे. हा आजार आला तर वाचणार नाही. म्हणून कोणी आत यायला नको, आणि मी बाहेर जायला नको. बरोबर?"

पलीकडे नुसती मशीनची गुणगुण.

"बरोबर," ते म्हणाले.

"पुरावा मागत नाही. ग्राहकाच्या शब्दावर विश्वास ठेवावा, असं वर छापलंय. फक्त एक सांगते. माझा गुरुवारचा अर्ज काढून बघा. हेच कारण आहे. सही तेवढी वेगळी."

आणि मी शेवटचं ठरलेलं वाक्य म्हटलं, "आमच्याकडून आणखी काही मदत हवी आहे का?" ते नाही म्हणाले. मी फोन ठेवला.

नणंदेनं खडू टेबलावर आपटला. "लिहून घे म्हटलं तर हिनं उलट त्यालाच वाचून दाखवलं! आता सोमवारी काय करशील?"

"मला काय माहीत, ताई?"

खरंच माहीत नव्हतं. रविवारी दिवसभर साहेबांकडून अवाक्षर नाही. धाकटीनं तीनदा फोन केला. मिस्त्रींनी एकदा, शॉकअपबद्दल. संध्याकाळी पिशवी दाराजवळ ठेवली. डाव्या चपलेचा पत्ता नव्हता आणि मी विचारलंही नाही.

सोमवारी सकाळी नऊला नवं पत्र आलं. सध्या चारजण घरूनच काम करतील, वरिष्ठांना तसे कळवले आहे. इतर ज्यांना अडचण असेल त्यांनी सांगावे, पुरावा नको. त्या खोलीच्या खिडक्या उघडेपर्यंत तिथे कोणीच बसणार नाही. खाली चार नावं कारणांसकट. दुसरं माझं, तिसरं धाकटीचं, चौथं मिस्त्रींचं. पहिलं हजेरीसाहेबांचं, आणि त्यापुढे कारण अगदी त्यांनी मला सांगितलं होतं त्याच शब्दांत. वरच्यांकडे हे पाठवायला त्यांना किती धीर लागला असेल! गेले चार महिने ज्यांच्यापासून लपवलं, त्यांच्यापुढेच स्वतःचं नाव सगळ्यांत वर.

दहाला सभा. साहेब आले. मागे कॅलेंडर नव्हतं. फळी, बाटल्या, घड्या केलेल्या चादरी. शर्ट साधा, चुरगळलेला. त्यांनी हजेरीपुस्तक उघडलं, कारण सवय जाईल तर ते साहेब कसले. एकेक नाव पुकारलं.

धाकटी म्हणाली, "हजर. घरून," आणि पुढे म्हणाली, "आम्ही दोघं."

मी म्हणाले, "हजर. घरून."

मिस्त्री म्हणाले, "हजर. घरून. आणि साहेब, बोल्ट ठीक आहेत, पण एकदा शॉकअपही बघून घ्या."

सगळे हसले. साहेबांनी मान खाली घालून पुस्तकात खूण केली. मग शेवटी त्यांनी स्वतःचं नाव पुकारलं, जे पंधरा वर्षांत कधी केलं नव्हतं, आणि स्वतःच उत्तर दिलं, "हजर. घरून."

त्यांच्यामागे मशीन चालू होतं. मिस्त्रींना आणि मला ऐकू आलं, बाकी कोणाला नाही.

मी हेडफोन काढून रजईतून बाहेर आले. दाराशी उजव्या चपलेशेजारी डावी येऊन बसली होती, पिठानं पांढरी झालेली. म्हणजे पिठाच्या डब्यात होती, आणि आम्ही तीन दिवस त्याच पिठाचं खात होतो.

"ताई!"

"घाल आता," नणंद शिवणयंत्रावरून मान वर न करता म्हणाली. "गच्चीवर जा आणि कपडे वाळत घाल. तेवढंच बाहेर जायचं."